शिवण बाहेर

४ एप्रिल, सोमवार

ही वही मापांची आहे. जानेवारीत शिवणाचं दुकान बंद केलं तेव्हा अर्धी कोरी राहिली, आणि कोरं पान टाकून द्यायची सवय आमच्या घरात नाही. भाची म्हणाली, "मावशी, तिथे काय पाहिलंस ते लिहीत जा. आमच्याकडे येणारे सगळेच लिहितात." सगळे लिहितात म्हणून मी लिहायचं! पण बसले खरी.

भाची विशेष मुलांच्या केंद्रात शिकवते. कुणी बोलत नाही, कुणी एका जागी बसत नाही, कुणाला अंगाला हात लावलेला चालत नाही, अशी बावीस मुलं. आठवड्यातून तीन सकाळी बिनपगारी मदत करणारी माणसं तिला हवी असतात. "घरी बसून करतेस काय? भिंतींची मापं घेतेस?" म्हणाली. तोंडाळ आहे, माझ्यावरच गेली आहे. मी म्हटलं, मला त्या मुलांमधलं ओ की ठो कळत नाही. तर माझ्याकडे नीट बघून म्हणते कशी, "तुला नाही कळणार तर कुणाला कळणार?" काय म्हणायचं होतं कोण जाणे. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे नखरे सोसले म्हणून म्हणाली असेल.

आज पहिला दिवस होता. घरी यायला वीस मिनिटं उशीर झाला, तर दादा दारातच उभा. साडेबाराला जेवायचं म्हणजे साडेबाराला. ताट वाढलं तरी बसेना, घड्याळाकडे बोट दाखवत राहिला. अडुसष्ट वर्षांचा झाला माझा भाऊ, पण हट्ट आहे तसाच आहे. शेवटी स्टुलावर चढून मी घड्याळाचे काटे मागे फिरवले आणि साडेबारा वाजवले. मग जेवला.

६ एप्रिल, बुधवार

केंद्राची खोली मोठी आहे. भिंतीवर चित्रांची ओळ लावलेली: आधी हात धुणं, मग खाणं, मग रंगकाम, मग घर. कोपऱ्यात जाड पडदा आणि त्यामागे गादी. ज्याला गलका सोसत नाही त्याने तिथे जाऊन बसायचं, कुणी विचारत नाही.

मी रिळांचा डबा नेला होता. मुलांना दोरा ओवायला शिकवू म्हटलं. कसचं काय! नऊ वर्षांची एक मुलगी आली, तिने डबा उचलला आणि जमिनीवर उलटा केला. तिला सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण हनुवटी वर करून चालते आणि कुणाला उत्तर देत नाही. अंगात पिवळा, धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट, तोही उलटा. मी ओरडणार होते, पण भाचीने डोळ्यांनीच गप्प केलं. अर्ध्या तासात बाईसाहेबांनी सेहेचाळीस रिळं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ओळीने लावली. मोतिया आणि हस्तिदंती यांतला फरक माझ्या हाताखालच्या मुलींना दोन-दोन वर्षं कळला नव्हता. हिला एका नजरेत कळला. मी मुद्दाम एक रीळ इकडचं तिकडे केलं, तर माझ्याकडे न बघता परत जागेवर ठेवलं.

येताना रस्ताभर बाबांचं दुकान आठवत होतं. कापायचं मोठं टेबल, त्यावर खडूच्या रेघा, इस्त्रीच्या वाफेचा वास, आणि टेबलाखाली दादा. तोही अशीच रिळं लावायचा. बाबा वरून नुसता हात खाली करायचे, "निळा, गडद" म्हणायचे, आणि दादा न चुकता त्यांच्या तळव्यावर रीळ ठेवायचा. मी पायांनी मशीन हलवून बघायची, पाय पुरायचे नाहीत. आई आतून हाक मारायची. किती भरलेलं घर होतं ते! आता त्या टेबलावर मी भाजी निवडते.

११ एप्रिल, सोमवार

गेले नाही. शुक्रवारी एकाने माझ्या केसांत डिंक ओतला. मी काही शिक्षिका नाही आणि साधूही नाही. सोडून द्यावं म्हणते.

१५ एप्रिल, शुक्रवार

गेले. बुधवारीही गेले होते. कारण लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे: बाईसाहेब सोमवारी रिळांच्या जागी बसून राहिल्या होत्या, डबा नव्हता तरी. भाचीने सांगितलं आणि मी डबा पुन्हा पिशवीत भरला.

आज तिची आई भेटली. बेकरीत काम करते, बाह्यांना पीठ तसंच. दमलेली पण हसरी. म्हणाली, नेहमीच्या शाळेने बाईसाहेबांना आठ दिवस बसवून बघायचं कबूल केलं आहे. सहा जूनपासून. जमलं तर प्रवेश, नाही जमलं तर जागा दुसऱ्याला. गणित तिचं चांगलं आहे, वाचते, बरोबर बसायला केंद्राची बाई असणार आहे. अडचण एकच. शाळेला पूर्ण गणवेश हवा, आणि हिच्या अंगाला त्या पिवळ्या टी-शर्टशिवाय काही टिकत नाही. तीन तयार गणवेश आणले, तिन्ही फाडले. "तीन वर्षं पायऱ्या झिजवल्यात मी, तेव्हा कुठे हो म्हणाले," तिने सांगितलं आणि पटकन पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

मी म्हटलं, "कपड्याचं माझ्यावर सोडा. तयार कपड्यांना काय अर्थ असतो? मी बेतून देते."

बोलून तर बसले. पण खरंच, यात काय अवघड आहे?

२० एप्रिल, बुधवार

माप घ्यायला गेले तर बाईसाहेब पडद्यामागे. टेप दिसला की पळतात. दादाही असाच पळायचा, बाबा गळ्यात टेप अडकवून मागे आणि दादा पुढे, अख्खी गल्ली हसायची. मीसुद्धा हसायचे.

शेवटी टेप तिच्याच हातात दिला आणि जमिनीवर बसले. दहा मिनिटांनी बाहेर आली. आधी माझा हात मोजला, मग नाक, मग चप्पल. मग स्वतःची बाही मोजून आकडा मोठ्याने म्हणाली, "पंधरा." तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. छाती, खांदा, उंची, सगळं तिनेच मोजलं. मी फक्त लिहून घेतलं. असं शहाणं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नाही.

भाचीने विचारलं, "मामा कसा आहे?" म्हटलं, कसा असणार, चहाचा कप एक बोट सरकला तर चहा पीत नाही. ती म्हणाली, "त्याला एकदा इथे घेऊन ये ना." मी म्हटलं, लहान मुलांमध्ये तो म्हातारा काय करणार?

६ मे, शुक्रवार

हात मोडले आज माझे.

दोन आठवडे त्या गणवेशावर बसले होते. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट. कॉलरला बक्रम घातलं, ताठ उभी राहावी म्हणून. दुहेरी टीप मारली. आत माझ्या दुकानाचं लेबलसुद्धा लावलं, चार शिल्लक होती त्यातलं एक. कडक इस्त्री केली. बाबांनी बघितला असता तर उलटापालटा करून "हं" म्हणाले असते, आणि त्यांचं "हं" म्हणजे शाबासकीच.

बाईसाहेबांनी आईचं मन राखून एक हात घातला, दुसरा घातला. बटण लावलं आणि तिने जी किंकाळी फोडली! मान ओरबाडायला लागली, स्वतःच्या मनगटाला चावली. काज फाटला. तिची आई नुसती "झालं, काढते, काढते" म्हणत बटण सोडवत होती.

मी म्हटलं, "काढू नका! सवय लावा. चार दिवस रडेल, मग आपोआप घालेल. कापडात काही दोष नाही."

तिची आई माझ्याकडे बघत राहिली. भाचीने शांतपणे शर्ट काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, तू आज घरी जा."

मला! जिने शिवलेल्या कपड्याला चाळीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नाही, तिला!

तशीच तणतणत घरी आले तर दारात पोस्टमन आणि दादा सही करतोय, शर्ट उलटा, शिवणी आणि दोरे जगाला दाखवत. माझा तोल गेला. "शिंप्याच्या घरात उलटा शर्ट! लोक काय म्हणतील?" पोस्टमन गेल्यावर जाणवलं की हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. शब्दन् शब्द. दादा आत जाऊन बसला आणि चहाला आला नाही.

९ मे, सोमवार

भाचीचा फोन आला. रागावलेली नव्हती, ते जास्त लागलं. म्हणाली, "अजून चार आठवडे आहेत. तिची आई तुझी वाट बघते आहे. दुसरं कुणी नाही आमच्याकडे."

मी कुठे हरले आहे अजून?

१६ मे, सोमवार

काल दुपारी पडल्या पडल्या बाबांची युक्ती आठवली आणि एकदम उठूनच बसले. इतकी वर्षं कशी विसरले होते!

दादा तेरा वर्षांचा होता, मी आठची. शाळेच्या मास्तरांनी बाबांना बोलावून सांगितलं होतं, मुलगा नीट शर्ट घालून आला तर बसवतो, नाहीतर पाठवू नका. दादा शर्ट काढून टाकायचा किंवा उलटा घालायचा. शिंप्याचा मुलगा! बाबांना मान वर करायला जागा उरली नव्हती. मग त्यांनी एक नवा शर्ट शिवला, पुढून सपाट, आणि बटणं सगळी पाठीवर. म्हणजे हात पोचायलाच नको. आणि ती बटणं कुणी लावली? मी! आयुष्यातलं माझं पहिलं काम. टेबलावर बसून, जीभ बाहेर काढून, एकेक बटण. बाबांनी माझी पाठ थोपटली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "माझी पोरगी नाव काढणार." त्या दिवशी मी दुकानातून आत आईकडे चालत गेले नाही, उडत गेले. अजूनही ते आठवलं की बरं वाटतं.

दादा त्या शर्टात अर्धा दिवस शाळेत बसला. दुपारी मास्तरांनी त्याला घरी आणून सोडलं आणि पुढे तो कधीच गेला नाही. हट्टीपणा नडला त्याला. पण अर्धा दिवस तर बसला ना? बाईसाहेबांना तर आठच दिवस काढायचे आहेत. बटणं मागे घेते.

१८ मे, बुधवार

कसं लिहू ते कळत नाही. पण लिहिते.

दुपारी चारला खिडकीपाशी बसून बाईसाहेबांच्या शर्टाच्या पाठीला बटणं लावत होते. चार लावून झाली होती. दादा चहासाठी आला. शिवणाच्या खोलीत तो कधी येत नाही, दारातून हात पुढे करून कप घेतो. आज कप घेतला नाही. शर्टाकडे बघत राहिला. छोटा पांढरा शर्ट, पाठीवर बटणं.

आत निघून गेला. मला वाटलं, बिस्किटं नाहीत म्हणून. तर थोड्या वेळाने परत आला. अंगातला शर्ट सुलटा करून घातलेला. वरचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, मान आवळली होती. हात दोन्ही बाजूंना सरळ, शाळेत उभं करतात तसा माझ्यासमोर उभा राहिला. मानेची शीर उडत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

म्हणाला, "घातला. मी घालतो. मागे नको."

माझ्या हातातली सुई कुठे पडली ते अजून सापडलेलं नाही.

म्हटलं, "दादा, अरे तो तुझा नाही. तो एका लहान मुलीचा आहे."

"मागे नको," तो पुन्हा म्हणाला. "हात पोचत नाही."

पंचावन्न वर्षं! पंचावन्न वर्षं हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. आई गेली, बाबा गेले, धाकटी बहीण, भाचीची आई, तीही गेली, आणि हा आणि मी एका ओट्यावरचा चहा पीत राहिलो. मी त्याला हट्टी म्हटलं, तिरसट म्हटलं, पाहुण्यांपासून लपवलं. आणि आठवड्यातून तीन दिवस उठून लोकांच्या लेकरांना समजून घ्यायला निघाले. भाचीला ठाऊक होतं सगळं. मला तेवढं दिसलं नाही.

उठून त्याच्या गळ्याचं बटण काढलं. त्याने काढू दिलं. म्हटलं, "दादा, ती बटणं मी लावली होती."

"सहा," तो म्हणाला. "पांढरी. एक तिरकं."

एक तिरकं लागलं होतं. बाबांनाही दिसलं नव्हतं ते.

मग मी खूप रडले. तो तिथेच उभा होता. थोड्या वेळाने त्याने आपला शर्ट काढला, उलटा केला, घातला आणि कपाकडे बोट दाखवून म्हणाला, "गार झाला."

१९ मे, गुरुवार

सकाळी तो लहान शर्ट दादासमोर टेबलावर पसरला आणि विचारलं, "कुठे टोचतं?" साधा प्रश्न. आमच्या तीन पिढ्या शिवणकामात गेल्या, गिऱ्हाइकाला आम्ही रोज विचारतो, आणि त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं.

दादाने बोट ठेवलं. कॉलरवर. "इथे." खांद्याच्या जोडावर. "इथे." काखेत, मग बाजूच्या शिवणीवर वरपासून खालपर्यंत. लेबलपाशी आला तेव्हा बोट लावलंच नाही, लांबूनच दाखवलं. मी खडूने खुणा करत गेले. शर्ट नुसता खडूने भरला.

बाबांच्या हाताची सगळी कमाल आतून टोचत होती. दुहेरी टीप, बक्रम, लेबल. बाहेरून देखणं, आतून करवत. ज्याला ते सोसत नाही त्याने शर्ट उलटा घातला, म्हणजे शिवण बाहेर गेली. इतकं सरळ होतं.

२७ मे, शुक्रवार

जुनी धुऊन मऊ झालेली पांढरी चादर कापली. शिवणी सगळ्या बाहेर घेतल्या, दुमडून, बारीक टीप मारून, मुद्दाम घातलेली नक्षी वाटावी अशा. निळा स्कर्टही तसाच बेतला. बक्रम नाही. लेबल नाही. बटणं पुढे.

शर्ट घेऊन आधी शाळेत गेले. मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत राहिल्या. "शिवणी बाहेर आहेत."

"आहेत. रंग तोच, कॉलर तीच, बटणं तेवढीच. तुमच्या नियमात शिवण कुठल्या बाजूला असावी ते लिहिलंय का?"

त्यांनी शर्ट उलटसुलट केला. "हे असं का?"

मी सांगितलं. दादाचंही सांगितलं, शाळेतल्या अर्ध्या दिवसाचं. का सांगितलं माहीत नाही, गिऱ्हाइकांजवळ मी घरचं कधी काढत नाही. त्यांनी शर्टाची घडी घालून परत दिली आणि म्हणाल्या, "चालेल. सहा तारखेला पाठवा."

तिथून केंद्रात गेले. बाईसाहेबांच्या आईची माफी मागितली. म्हणाली, "अहो, मीसुद्धा पहिली दोन वर्षं तिला सवयच लावत होते." शर्ट रिळांच्या डब्याशेजारी ठेवला, घाल म्हटलं नाही. बाईसाहेबांनी तो गालाला लावून बघितला. आतून हात फिरवला, प्रत्येक कोपरा तपासला, बाबांसारखाच. मग पिवळा टी-शर्ट काढला, तो घातला आणि रिळं लावायला बसल्या.

तिची आई दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाह्यांचं पीठ माझ्या साडीला लागलं, लागू दे.

१० जून, शुक्रवार

पाच दिवस झाले. दोनदा ती पडद्यामागे बसली म्हणे (शाळेने वर्गात कोपऱ्यात पडदा लावला आहे, भाचीने लावायला लावला), एकदा रडली, गणितात सगळी बरोबर. आज मुख्याध्यापिकांनी तिच्या आईला सांगितलं, "सोमवारी नेहमीसारखी पाठवा." आईने आधी मला फोन केला आणि नंतर नवऱ्याला. बेकरीच्या मागच्या आवाजात मला तिचं अर्धंच ऐकू आलं, पण कळलं.

दादाला सांगितलं. म्हणाला, "अर्धा दिवस?"

म्हटलं, "नाही रे. पूर्ण. पाच दिवस."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

१२ जून, रविवार

आज मापाच्या जुन्या वह्या काढल्या. बाबांच्या हातच्या अकरा, माझ्या एकोणीस. अख्ख्या गावाचे खांदे, पोटं, गळे त्यांत आहेत. पहिलीत माझं माप आहे, आईचं आहे, धाकटीचं आहे. दादाचं माप एकाही वहीत नाही. बाबांनी नजरेनेच बेतलं असेल. मी तर त्याला तयार शर्ट आणून दिले, उलटाच घालणार तर शिवून काय उपयोग म्हणून.

टेप त्याच्या हातात दिला आणि जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. त्याने आधी माझी बाही मोजली. मग टेबलाचा पाय मोजला, ज्याच्याशेजारी तो बसायचा. मग स्वतःला. एकेक आकडा मोठ्याने सांगितला, मी लिहून घेतला.

दादा. वय अडुसष्ट.
छाती अडतीस. खांदा सतरा. बाही तेवीस. उंची एकोणतीस.
गळा मोकळा. लेबल नको.
शिवण बाहेर.
बटणं पुढे.